प्रावरण म्हणजे लाव्हा नव्हे हो!

आज एका सरकारी शाळेत आठवीचा तास घेतला. "जमिनीखाली काय आहे?" विचारलं, तर अख्खा वर्ग एका सुरात, "लाव्हा!" पुस्तकातल्या चित्रात प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, लालभडक, मग पोरं दुसरं काय म्हणणार? खरं तर ते सुमारे २,९०० किलोमीटर जाडीचं प्रावरण जवळजवळ सगळं घन खडकच आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, यातून मात्र आरपार जातात.

मग खिशातला ग्रॅनाइटचा तुकडा फिरवला. मागच्या बाकावरची मुलगी तो उन्हात धरून अभ्रकाची चकाकी बघत बसली. "सर, हे परीक्षेला आहे?" शेजारच्याने विचारलं. नाही म्हटल्यावर वही मिटली. (शाळेची खडकांची पेटी कपाटात आहे म्हणे, किल्लीचा पत्ता नाही.)

तुकडा तिने परत दिला नाही. मीही मागितला नाही.