रुपये पाच फक्त, फुटबॉल

दुपारी जेवण झाल्यावर पडायचं सोडून मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. शोधत होतो विम्याचा एक कागद, सापडली आज्जीची पोथी. लाल फडक्यात बांधलेली, कोपऱ्यांवर हळदीकुंकवाचे डाग, आणि सोळाव्या की सतराव्या अध्यायात खूण म्हणून घातलेली एक पावती. पोपटी, पातळ कागदाची, वर्गणीची. वर ठळक छापलेलं 'श्री गणेशोत्सव' पेनानं आडवी रेघ ओढून खोडलेलं आणि त्याच्या डोक्यावर तिरक्या अक्षरात लिहिलेलं 'फुटबॉल'. रुपये पाच फक्त. खाली खजिनदाराची सही, म्हणजे एक गुंडाळी आणि दोन टिंबं. सालाच्या जागी '१९' छापलेलं आणि पुढचे दोन आकडे भरायला कुणाला सवड झालेली नाही.

विम्याचा कागद राहिला. मी पंख्याखाली ती पावती घेऊन बसलो.

आमच्या तालमीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मे कोल्हापूरकर इथंच वाचायचं थांबवतील आणि उरलेले निम्मे दुरुस्त्या सांगायला फोन करतील. पेठ सांगायला हरकत नाही. नको, तीही नको.

बाहेरगावच्या माणसाला आमच्या संघांची नावं वाचून दाखवली की तो आधी हसतो. रिअल माद्रिद, बार्सिलोना यांची सवय झालेल्या कानांना 'उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम' हा फुटबॉलचा संघ आहे, हे पटायला वेळ लागतो. पुण्यात आमच्या हापिसात मी एकदा 'बालगोपाल तालीम मंडळ' म्हणालो, तर शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, अरे वा, लहान मुलांसाठीपण असतं का? बालगोपालचा बॅक अंगावर आला की बालपण आठवतं, हे खरं. 'दिलबहार' हे नाव एखाद्या अत्तराच्या बाटलीवर शोभावं. 'पाटाकडील' हे नाव आहे की पत्ता, हे मला बरीच वर्षं उलगडलं नव्हतं. खंडोबा आणि संध्यामठ यांच्यात मॅच असली की आपण नेमके कुठल्या देवाच्या बाजूनं, असा प्रश्न आज्जीला पडायचा. आणि प्रॅक्टिस क्लबवाल्यांचा तर मला हेवा वाटत आलेला आहे. हरले तरी नावातच सोय करून ठेवलेली.

आता तालमीत फुटबॉल कुठून आला, हे कोल्हापुरात कुणी कुणाला विचारत नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला हात दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं. गल्लोगल्ली तालीम होतीच. लाल माती, मारुती, भिंतीला टेकवलेली गदा, बाहेर कट्टा. पुढं कधीतरी काही पोरं हौद्यातून उठून चेंडूमागं पळायला लागली आणि वस्तादांनी त्यांना हाकलून दिलं नाही. माझ्या मते कोल्हापूरच्या फुटबॉलचा इतिहास एवढाच आहे, बाकी सगळे निकाल. पैलवान एकटा लढतो आणि एकटा चीत होतो, पेठ नुसती बघत राहते. फुटबॉलला अकरा पोरं लागतात, वर बदली खेळाडू. दर चौथ्या घरातलं कुणीतरी संघात असतंच. वर्गणी मागायला याच्यासारखी सोय नाही.

आमच्या तालमीत गदेच्या शेजारी पंप असायचा. चेंडूत हवा भरायच्या आधी पंपाची पिन जिभेवर ओली करून घ्यायची, कोरडी घातली तर ब्लॅडर जातो, हे मला अ आ इ ई च्या आधी शिकवलं गेलं. ती पिन किती जणांच्या जिभेवरून फिरत होती याचा विचार आज करवत नाही. जर्सी धुऊन वाळत घातल्या जायच्या त्या तालमीपासून समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत बांधलेल्या दोरीवर. मॅच हरली असेल तर त्या दोन-दोन दिवस तशाच लोंबत राहायच्या. कुणी काढायला जायचं नाही.

आज्जी फुटबॉलला लाथाळी म्हणायची. मैदानावरची आणि मंडळाच्या बैठकीतली, दोन्ही धरून.

त्या बैठकीतल्या लाथाळीचा एक नमुना माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. काही वर्षांपूर्वी तालमीनं फुटबॉल संघाची स्मरणिका काढायचं ठरवलं. मी चार ओळी लिहितो हा माझा दोष सगळ्यांना माहीत होता, म्हणून मला पुण्याहून बोलावून घेतलं. पहिला प्रश्न, संघ सुरू कधी झाला? इथला फुटबॉल चालवणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, १९४० ची. एका गटाचं म्हणणं, आपण तिच्या आधीपासून खेळतोय, थोरल्या आजोबांनी अनवाणी खेळलेलं सांगितलंय. दुसरा गट म्हणाला, थोरले आजोबा अनवाणीच हिंडायचे, त्यात फुटबॉलचा संबंध काय? पुरावा म्हणून एक फोटो आला. उभे सहा, बसलेले पाच, मध्ये चेंडू, आणि चेंडूवर खडूनं घातलेलं साल नेमकं बसलेल्याच्या गुडघ्याआड. तिसऱ्या बैठकीत त्या फोटोतला डावीकडून दुसरा आपला चुलता, असं सांगणारी दोन घरं निघाली. स्मरणिकेसाठी जाहिराती सगळ्या जमल्या होत्या, इतिहास तेवढा जमला नाही. स्मरणिका निघाली नाही. जाहिरातींच्या पैशांतून बूट घेतले. तो निर्णय आजही मला योग्य वाटतो.

तर लीग. थंडी पडायला लागली की शाहू स्टेडियमवर लीग सुरू होते. वरच्या गटात सोळा संघ, ती संपली की महापौर चषकासारख्या नॉकआउट स्पर्धा एकामागून एक, आणि मग वळीव येऊन मैदानाचा चिखल करतो तेव्हाच सगळे थांबतात. २०१४ मध्ये देशात आयएसएल नावाची झगमगीत लीग सुरू झाली. कोल्हापूरच्या तालमी तिच्या आसपास कुठं नाहीत, आणि त्याचं दुःख झालेला माणूस मला कट्ट्यावर भेटलेला नाही. मेस्सीचे कटआउट आम्ही लावतो, ब्राझीलचा झेंडा अर्ध्या गल्लीवर पसरतो, रात्री जागतो. पण शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील समोरासमोर असतील त्या दिवशी मेस्सी स्वतः मिरजकर तिकटीवर मिसळ खात बसला असता तरी त्याला म्हणाले असते, मर्दा, बिल देऊन ठेव, आम्ही येतो मॅच बघून.

मध्यंतरी काही वर्षं नायजेरियाचे खेळाडू संघांतून खेळायला येत. आमच्याकडचा एकजण तालमीच्या मागच्या खोलीत राहायचा. दुसऱ्या महिन्यात तो पोरांना 'काय भावा' म्हणायला लागला आणि तिसऱ्या महिन्यात तांबड्या रश्श्यावर वरून तर्री मागायला लागला. आज्जी असती तर त्याच्या पानात गुपचूप दही वाढलं असतं.

आणि २०१७ चा तो ऑक्टोबर. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारत पहिल्यांदा खेळला, दिल्लीत, अमेरिकेविरुद्ध. संघात अनिकेत जाधव, आपल्या कोल्हापूरचा, रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा. भारत तीन गोलनी हरला. मी आबांना फोन केला, तर पलीकडं शांत. मग म्हणाले, "त्याला पास कोण देतंय सांग." जगातली कुठलीही मॅच ते आमच्याच संघातली असल्यासारखी बघतात.

आबांचा विषय निघालाच आहे, तर माझी पहिली मॅच सांगायला पाहिजे. तिसरीत असेन. आबांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाहू स्टेडियमला गेलो. दांडीला टॉवेल गुंडाळलेला, तरी उतरल्यावर पाय माझे नव्हते. गॅलरीत इतकी माणसं, की मला पहिला अर्धा तास नुसत्या पाठी आणि टोप्या दिसल्या. हलगी वाजत होती. पलीकडच्या गॅलरीतून शिव्या येत होत्या, आणि आमच्या बाजूची सभ्य वडीलधारी मंडळी त्यांना, मी घरी कधीच ऐकल्या नव्हत्या अशा भाषेत उत्तर देत होती. दुसऱ्या हाफमध्ये शेंगदाणेवाला वर चढून आला. त्याच्या गळ्यातली टोपली, टोपलीत शेगडीचं छोटं मडकं, वर्तमानपत्राच्या पुड्या. माझी पुडी त्यानं दोन बोटांत धरली होती आणि दुसरा तळहात पसरला होता. त्या तळहातावर दहा-दहा पैशांची नाणी एकेक करून पडत होती. मी मोजत होतो. चार की पाच पडली असतील, तेवढ्यात गॅलरी उठली.

म्हणजे अक्षरशः उठली. शेंगदाणेवाला बसला, पुडी फुटली, मला कुणीतरी उचलून हवेत धरलं. गोल झाला होता. त्या मॅचचा एकच गोल, आणि आम्ही त्यावर जिंकलो.

परतीच्या वाटेवर सायकल हातात धरून चालत आबांनी तो गोल मला सांगितला. मॅच संपायला चार मिनिटं, राइट आउटनं क्रॉस टाकला, आमच्या लेफ्ट इननं चेंडू खाली पडूच दिला नाही, डाव्या पायानं हवेतच. गोलकीपर जाग्यावर उभा. "बघितलास न्हवं?" मी म्हणालो, बघितला. त्या दिवसापासून मी त्या गोलचा साक्षीदार आहे. पाहुणे आले, कट्ट्यावर विषय निघाला, लग्नात जेवणाची पंगत लांबली, की आबा गोल सांगायचे आणि शेवटी माझ्याकडं बोट करायचे, ह्यानं बघितलाय, विचारा. मी मान डोलवायचो. इतक्या वर्षांत तो डावा पाय मला अगदी स्वच्छ दिसायला लागलाय, मोजा घसरलेला, पोटरीला पट्टी.

खरं सांगायचं तर मी मैदानावर फार कमी गोल बघितलेत. टायब्रेकर लागला की माझ्याच्यानं बघवत नाही, मी गॅलरीच्या मागं जाऊन उभा राहतो, सायकली लावतात तिथं. आवाजावरून सगळं कळतं. गोल झाला तर आवाज एकदम फुटतो. हुकला तर आधी एक क्षण काहीच नाही, मग लांबलचक 'आर्रर्र'. समोरच्यांचा गोल झाला तर आवाज लांबून येतो, आणि आपल्या डोक्यावरची फरशी गप्प असते. माझ्यासारखे तिथं आणखी चारपाच जण असतात. आम्ही एकमेकांकडं बघत नाही. नंतर कट्ट्यावर सगळ्यांत रंगवून टायब्रेकर तेच सांगतात.

पावती हातात होतीच, म्हणून आबांना फोन लावला. सही कुणाची असेल विचारायचं होतं.

"गुंडाळी आणि दोन टिंबं? कुणाचीबी असंल. पाच रुपये दिलं व्हय म्हातारीनं?" त्यांना आज्जीचंच नवल वाटलं. लाथाळी म्हणणारी बाई आणि रोख पाच रुपये. मग थोडा वेळ घरच्या गोष्टी, गुडघा, पाणी येतंय का, आणि मग ठरल्याप्रमाणे तो गोल.

"चार मिनिटं राहिली हुती. राइट आउटनं असला क्रॉस टाकला, आणि आपल्यानं उडी मारून हेड घेतलं, बघत राहावं."

"हेड? आबा, डाव्या पायानं ना?"

"डाव्या पायानं कोण सांगितलं तुला?"

मी काय सांगणार. म्हणालो, असं ऐकल्यासारखं वाटतंय.

"ऐकायचं काय त्यात, तू हुतास की तिथं."

"होतो."

"मग?"

फोन ठेवल्यावर मी पावती परत पोथीत घातली. सोळावा होता की सतरावा ते लक्षात नव्हतं, मधोमध कुठंतरी घातली. फडक्याची गाठ मारताना तो तळहात पुन्हा डोळ्यांसमोर आला, वर पडणारी नाणी, आणि ती एकेक करून टाकणारी दोन बोटं. मनगटावर एचएमटीचं घड्याळ होतं, काळ्या पट्ट्याचं. पैसे मोजताना डोळे नाण्यांवरच असतात.

मला घड्याळ मिळालं ते दहावी पास झाल्यावर.