एका वर्षाचं गाव

अमेरिकेत रेडिओलॉजीच्या प्रशिक्षणाची चार वर्षं नंतर. त्याआधी एक वर्ष ट्रान्झिशनल इयर. मेडिसिन, सर्जरी, इमर्जन्सी, सगळ्याची थोडी थोडी चव. आई फोनवर म्हणाली, "म्हणजे परत इंटर्नशिपच की गं!" चुकीचं नाही.

आज पिट्सबर्ग बघून आले. १८७७ सालची ड्यूकेन इन्क्लाइन, म्हणजे टेकडीवर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे. तिच्या लाल डब्यात बसून टेकडी चढले. खाली अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगाहेला एकत्र येतात नि पुढे ओहायो म्हणून वाहतात. मी कराडची, कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम बघत वाढलेली. कठड्याला टेकून बराच वेळ नुसती उभी राहिले.

या एका वर्षासाठी कुठे जायचं, त्याचा तक्ता केलाय: घरभाडं, कॉल (रात्रपाळीच्या ड्यूट्या), इलेक्टिव्ह (आपण निवडायचे विषय), सगळं. त्यात पिट्सबर्ग तिसरं होतं. रात्री रँक लिस्ट, म्हणजे माझ्या पसंतीक्रमाची यादी, उघडली आणि ते पहिलं केलं. नवऱ्याला अजून सांगायचंय.