आमची वाटचाल : ६४० कुंड्यांतल्या उरलेल्या २१२

मावळात तळेगावजवळ आमची अर्ध्या एकराची नर्सरी आहे. मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी सुरू केली, तो शेडनेट आणि ठिबक बघायचा, मी रोपं. सुरुवातीची वर्षं सगळ्यांसारखीच गेली, गुलाब, जरबेरा, शोभेची झाडं. खरी गोष्ट सायक्लेमेनची आहे, म्हणजे कंदातून येणारं, थंडीत फुलणारं कुंडीतलं फुलझाड.

आपल्याकडे ही कुंडी डिसेंबरात घ्यायची, फेब्रुवारीपर्यंत फुलं बघायची आणि मार्चमध्ये पानं पिवळी पडली की टाकून द्यायची, अशीच पद्धत. बरेच नर्सरीवालेही तेच सांगतात, पुढच्या वर्षी नवी कुंडी खपते ना. मला ते कधीच पटलं नाही. पानं गेली तरी कंद जिवंत असतो, झोपलेला असतो. त्याचं मूळ गाव तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉनकडचं, तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीत, म्हणजे आपल्या बरोबर उलटं. उन्हाळ्यात तो झोपणारच, आणि आपल्याकडे नेमका झोपेतच त्याच्यावर जूनचा पाऊस येतो.

मार्च २०२० ला ६४० कुंड्या शिल्लक होत्या आणि लॉकडाऊन लागला. गाडी बंद, गिऱ्हाईक बंद. म्हटलं आता यांना जगवूनच दाखवू. पाणी हळूहळू तोडलं, पानं आपोआप वाळू दिली, कुंड्या शेडमध्ये सावलीला मांडल्या. वडिलांची लांब चोचीची पितळी झारी आहे, बारीक धार पडते, तिने पंधरा दिवसांतून एकदा कुंडीच्या कडेने थोडंसं पाणी, कारण कांद्यासारखं पार कोरडं ठेवलं तर हा कंद सुरकुततो. माथ्यावर मात्र एक थेंब पडू दिला नाही. मे निघाला, आम्ही खूश होतो.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. शेडचे पत्रे उडाले, नेट फाटून बांधापलीकडे गेलं आणि पाऊस सरळ कुंड्यांत. आठवड्यात वास सुटला. एकेक कंद अंगठ्याने दाबत गेलो, चांगला असेल तर बटाट्यासारखा टणक लागतो, सडलेला आत जातो आणि तपकिरी पाणी येतं. दोन दिवस तेच काम. टणक निघाले २१२.

त्यात शेजारच्याच एका मोठ्या नर्सरीवाल्याने आमच्या हिंजवडीच्या ऑफिसवाल्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं की यांचं सगळं वाहून गेलं, आता कुंड्या आमच्याकडून घ्या. पुढे ऑफिसं उघडली पण ती गिऱ्हाइकं आजपर्यंत परत आलेली नाहीत. ज्याच्या शेडला आम्ही आमची माणसं देऊन नेट चढवलं होतं त्याने हे करावं, हे अजून लागतं. भावाने नोकरी धरली, त्याच्यावर राग नाही, घर चालवायचं होतं. पण मीही खचलो, सप्टेंबर संपत आला तसं ते २१२ सुद्धा खतखड्ड्यात टाकायचं ठरवलं होतं.

तेव्हा कोथरूडच्या मावशींचा फोन आला. पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक, रिटायर्ड शिक्षिका, घरात एकच कुंडी. म्हणाल्या, "अरे, पलंगाखालून कुंडी काढली, कोंब आलेत बघ." फोटोत कंदाच्या माथ्यावर तांदळाएवढे गुलाबी कोंब. मी तसाच शेडमध्ये गेलो, टॉर्च मारला, आमच्याही कंदांवर तेच!

मग नवीन माती केली, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कुजलेलं शेणखत आणि परलाइट, म्हणजे माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे. कंदाचा वरचा अर्धा भाग उघडा ठेवून लावले, पाणी खालच्या ताटलीतून, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं. डिसेंबरात जी फुलं आली ती पहिल्या वर्षापेक्षा जास्त, कंद मोठा झाला की फुलं वाढतातच. सगळ्या कुंड्या विकल्या गेल्या, तेवढ्यावर नवी शेड उभी राहिली.

एक सांगतो, सुकलेलं फूल कात्रीने कापू नका, देठ बुडाशी धरून पिळा आणि ओढा, राहिलेला तुकडा सडतो आणि बुरशी कंदात उतरते. आणि उन्हाळ्यात पानं गळाली म्हणून घाबरून पाणी वाढवू नका, बहुतेक कंद तिथेच जातात.

आता गुढीपाडव्यापासून आम्ही लोकांच्या कुंड्या सांभाळायला घेतो, पानं फुटली की दिवाळीच्या आधी परत देतो. नाव ऑइलपेंटने लिहितो, मार्करचं पुसलं जातं. मावशींचा कंद आता तळहाताएवढा झालाय. कुंडी आणायची असेल तर आदल्या दिवशी पाणी घालू नका, ओली कुंडी मी घेत नाही.