शोगन 2: चोसोकाबेंची मोहीम आणि रेल्म डिव्हाइड

'टोटल वॉर: शोगन 2' (2011) या जुन्या जपानमधल्या युद्धांवरच्या संगणक खेळातली चोसोकाबे घराण्याची छोटी मोहीम मी पूर्ण केली. 1545 ते 1575, वर्षाला चार टर्न (खेळी), म्हणजे 120 टर्नमध्ये राजधानी क्योटोसह 25 प्रांत जिंकायचे. हरण्याचं कारण बहुतेकदा एकच असतं: रेल्म डिव्हाइड. प्रांत जिंकताना वाढणारी कीर्तीची पट्टी भरली की शोगन (जपानचा लष्करी सत्ताधीश) आपल्याला शत्रू ठरवतो आणि मित्रसुद्धा एकेक करून उलटतात. क्योटो घेतलं तर पट्टी भरायचीही वाट पाहिली जात नाही. म्हणून तो क्षण कधी आणायचा, हे आपण ठरवायचं.

आधी चोसोकाबेंच्या शिकोकू बेटाचे चारही प्रांत घेतले. चहूबाजूंनी समुद्र असल्यामुळे शत्रू येतो तो जहाजांतूनच, त्यामुळे थोडं आरमार हवंच. त्याच वेळी नकाशाच्या पश्चिम कडेच्या व्यापारी ठाण्यांवर जहाजं धाडली. उशीर झाला तर इतर घराणी ती बळकावतात. एका ठाण्यावर 10 पर्यंत जहाजं ठेवता येतात, पण व्यापार करार नसेल तर तिथल्या मालाला गिऱ्हाईक नाही.

किल्ले वाढवायची घाई मात्र महागात पडते. किल्ल्याची प्रत्येक वाढ तांदूळ खाते, मोठा बाजारही खातो. साठा उणे झाला की प्रांतोप्रांती असंतोष पसरतो. त्यामुळे आधी शेती, मग किल्ला.

माझं 20 तुकड्यांचं सैन्य असं होतं: 8 यारी आशिगारू (साधे भालेकरी), 6 तिरंदाज आशिगारू, 2 काताना सामुराई (तलवारबाज), 3 घोडदळ आणि सेनापती. चोसोकाबेंचं बळ धनुष्यात आहे, म्हणून तिरंदाज पुढे उभे करायचे आणि शत्रू जवळ आला की त्यांना भालेकऱ्यांच्या मागे घ्यायचं. यारी वॉल, म्हणजे भालेकऱ्यांची भाले रोखलेली भिंत, उतारावर, शत्रू भिडायच्या जरा आधी लावावी. समोरून घोडदळ आलं तर ती फुटत नाही, मात्र बाजूने हल्ला झाला की कोसळते. बाणांच्या माऱ्यात ती लावून ठेवणं म्हणजे माणसं उभ्या उभ्या मारणं. हिवाळ्यात परक्या मुलखात सैन्य ठेवू नये, लढाई न होताही माणसं गळतात.

तेराव्या-चौदाव्या प्रांतावर मी मुद्दाम थांबलो. खजिन्यात वीसेक हजार कोकू (खेळातलं चलन) आणि अशी तीन सैन्यं तयार झाल्यावरच पुढची चढाई केली. हा साठा लागतोच, कारण रेल्म डिव्हाइडनंतर व्यापार करार तुटतात आणि तीन सैन्यांचा खर्च तसाच चालू राहतो. जुन्या मित्रांना भेटी देऊन धरून ठेवण्यात पैसा घालवू नये. नाराजी दर टर्नला वाढतच जाते, भेटी तिला पुरत नाहीत.

त्या पैशातून सैन्याची भरती करावी आणि संधी मिळेल तिथे मांडलिक करावेत, पण रेल्म डिव्हाइडनंतर. आधी केलेले मांडलिकही उलटतात. नंतरच्यांवर ती नाराजी लागू होत नाही, ते टिकतात आणि व्यापारही करतात. माझी सीमा अशा दोन मांडलिकांनी सांभाळली, म्हणून तिन्ही सैन्यं एकदम क्योटोकडे नेता आली.