कांद्याच्या चाळीशेजारी खोललेलं मेनिफोल्ड

गाडी २०१८ सालची, बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमातली, चार सिलेंडरची सहाचाकी. लासलगावच्या खळ्यावरून कांदा भरून वाशीला जायची आणि येताना भिवंडीहून मिळेल तो माल घेऊन कसारा चढायची. तक्रार त्या चढाचीच होती. सपाटीला काही जाणवायचं नाही; घाटात मात्र काळाकुट्ट धूर, पिकअप नाही आणि केबिनखालून बारीक शिट्टी. डिझेलही जास्त जायला लागलं होतं. एका गॅरेजवाल्याने टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गेला म्हणून सांगितलं. गाडीचा मालक आणि ड्रायव्हर एकच, बँकेचे हप्ते चालू. नव्या टर्बोचा आकडा ऐकून त्याने गाडी सरळ घरी आणून चाळीशेजारी लावली आणि मला फोन केला, "मिस्त्री, टर्बो उतरवायच्या आधी एकदा तुम्ही डोळ्याखालून घाला."

केबिन उचलली, टर्बोच्या तोंडाचा पाइप काढला. पाती शाबूत, शाफ्टला वावगा खेळ नाही, तेल ओकलेलं नाही. असा टर्बो बदलायला सांगणं मला पटत नाही. शिट्टी लोडवरच येते आणि त्याच वेळी धूर काळा होतो, म्हणजे दाबलेली हवा वाटेत कुठेतरी पळतेय. डिझेल पूर्ण, हवा अपुरी. धूर काळाच येणार. इंजिन रिकामं फिरत असताना दाब जवळजवळ नसतोच, त्यामुळे उभ्या गाडीत ही गळती ऐकू येत नाही आणि माणूस उगाच टर्बोवर, पंपावर संशय घेत बसतो.

टर्बोच्या पुढच्या पाइपाला मी बनवून घेतलेला बूच लावला, पंक्चरवाल्याकडून आणलेल्या कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरने १ बार दाबावर बांधली आणि साबणाचं पाणी मारत निघालो. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजवर कुठेच फेस नाही. चौथ्या सिलेंडरपाशी, मेनिफोल्ड (सगळ्या सिलेंडरांना हवा वाटणारी नळी) हेडला, म्हणजे सिलेंडरांवरच्या झाकणाला मिळतं तिथे, लाल सिलिकॉनच्या जाड थराखालून फेस फुगायला लागला. मालक जवळ वाकून बघत होता. "एवढ्यासाठी टर्बो?" एवढंच बोलला.

मेनिफोल्ड उतरवायचं ठरलं. मे महिना, उन्हाळ कांदा चाळीत भरायचं काम शेजारीच चालू, वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेबरोबर कांद्याचे पापुद्रे उडत होते. इंजिनाचं तोंड उघडं असताना हे चालणार नव्हतं. दोन्ही बाजूंनी ताडपत्र्या बांधल्या, जमिनीवर पाणी शिंपडलं, मगच बॅटरीची तार काढली. डिझेलचे जे पाइप सोडावे लागले त्यांची तोंडं लगेच टोप्यांनी बंद केली. कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेल हजार बारच्या वर दाबाने खेळतं. तिथे धुळीचा एक कण इंजेक्टरची वाट लावायला पुरतो.

मेनिफोल्ड हातात आलं आणि मालकाने तोंडावर हात ठेवला. ज्या वाटेतून मूठ सहज जायला हवी, तिथे अंगठा जाईल एवढंच भोक राहिलं होतं. भिंतींवर डांबरासारखा चिकट काळा थर. हे ईजीआरचं देणं. जळालेल्या धुराचा थोडा भाग थंड करून परत इंजिनाला द्यायचा, म्हणजे सिलेंडरमधला ऑक्सिजन घटतो, जळण्याचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी होतात. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झालं, तेव्हा या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत ही व्यवस्था आली. नुसती कोरडी काजळी एवढी साचली नसती. पण क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली, वाफ ब्रीदरच्या नळीतून टर्बोच्या तोंडाशी येते, तिच्यात तेलाचे बारीक थेंब असतात. तेल आणि काजळी मेनिफोल्डमध्ये भेटली की थरावर थर चढत जातो. त्यात ही गाडी भरताना तासन्‌तास चालू ठेवलेली. थंड, रिकामं फिरणारं इंजिन काजळी जास्त करतं.

"ईजीआरला डमी प्लेट मारून वाटच बंद करून टाका, कटकटच नको," मालकाचा चुलतभाऊ म्हणाला. हे मला रस्त्यावर रोज ऐकू येतं. पीयूसीला डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात, म्हणून डमी मारलेली गाडीही पास होते. पण जो वायू मोजला जात नाही तो त्याच घाटात, त्याच गावात लोकांच्या छातीत जातो. मी डमी मारत नाही. ईजीआरचा व्हॉल्व्ह साफ केला, कूलर पाण्याच्या दाबावर तपासला, गळत नव्हता, परत बसवायला बाजूला ठेवला.

हेल्पर पोरगा कॉस्टिक सोड्याचं पाणी करायला निघाला होता. लोखंडी ब्लॉक कॉस्टिकमध्ये उकळतात हे त्याने पाहिलेलं. त्याला थांबवलं. मेनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचं; कॉस्टिक ते खातं, वर हायड्रोजन सुटतो, तो पेट घेऊ शकतो. रात्रभर डिझेलमध्ये बुडवलं. सकाळी बांबूच्या चिपांनी खरवडलं, मग डीग्रीझर आणि मावशींनी बंबात तापवून दिलेलं कडकडीत पाणी. काळं पाणी त्या परसात मोरीकडे वळवत होत्या, ते मी पिंपात भरून घेतलं. शेताकडे जाणाऱ्या मोरीत ते सोडायचं नाही, जळालेलं ऑइल नेणाऱ्याला द्यायचं. हवेचा दाब मोजणाऱ्या बूस्ट सेन्सरचं भोकही काजळीने बुजलेलं निघालं. इंजिनाच्या कॉम्प्युटरला दाब खोटाच कळत होता.

हेडच्या पोर्टांना जास्त जपावं लागतं. इंजिन हाताने फिरवून ज्या सिलेंडरचे व्हॉल्व्ह बंद, त्याच पोर्टात हात घालायचा. बाकीच्यांत फडक्याचे मोठे बोळे, आणि किती घातले ते केबिनच्या पत्र्यावर खडूने लिहायचं. खरवडलेलं व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं, आत फुंकायचं नाही. चौथ्या पोर्टात, व्हॉल्व्हच्या देठापाशी, लाल सिलिकॉनची बोटाच्या पेराएवढी वळी चिकटलेली सापडली. मागच्या माणसाने भरमसाट चोपडलेलं, बोल्ट आवळल्यावर अर्धं आत दाबलं गेलेलं. तो तुकडा व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकला असता तर काम हेड खोलण्यावर गेलं असतं. मी तो मालकाच्या तळहातावर ठेवला.

त्या सिलिकॉनखाली जुन्या पॅकिंगची खपली तशीच होती आणि बाजूला पटाशीचे ओरखडे. मेनिफोल्डच्या चौथ्या सिलेंडरकडच्या टोकाला स्ट्रेट एज (सरळ पट्टी) ठेवून फट मोजायचा फीलर गेज घातला, तर ०.१५ मिमीचं पातं सरकलं. अशा लांबीच्या मेनिफोल्डला ०.१० च्या वर मी नुसत्या पॅकिंगवर भरवसा ठेवत नाही. बोल्ट एकाच टोकाला जोर लावून आवळत गेलं, की अ‍ॅल्युमिनियम वाकतं. पिंपळगावला मशीन शॉपमध्ये नेऊन फेसिंगचा एक हलका हात मारून आणला. परत फीलर लावला तेव्हा ०.०५ चं पातंही कुठे शिरेना.

हेडच्या बाजूचं तोंड प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ केलं, थिनरच्या फडक्याने पुसलं. पांढऱ्या कपड्यावर डाग उठेना तोवर पुसत राहिलो. नवीन पॅकिंग कोरडंच ठेवलं.

"मिस्त्री, वरून जरा सिलिकॉन चोपडा ना. मनाला बरं वाटतं."

"भाऊ, मनासाठी लावलेलं सिलिकॉनच आत सापडलं ना? हे पॅकिंग कोरडं बसायलाच बनवलंय. हवा अडते ती दोन सपाट, स्वच्छ तोंडं एकमेकांना भिडल्यामुळे."

बोल्टांचे आटे ब्रशने साफ केले. आधी हाताने लावले, मग मधल्या बोल्टापासून आलटून पालटून दोन्ही टोकांकडे, तीन टप्प्यांत. ८ मिमीचे बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचं काम. टॉर्क पाना मॅन्युअलप्रमाणे २४ न्यूटन मीटरवर ठेवला, टक्‌ वाजल्यावर पुढे एक चिमूटही नाही. बोळे मोजून घेतले, खडूच्या आकड्याशी जुळले. परत १ बार हवा, परत साबणाचं पाणी. मेनिफोल्डच्या कडेने कुठेच फेस नाही. हवेची हलकी सुसू ऐकू येत होती, ती उघड्या व्हॉल्व्हमधून सायलेन्सरला जाणारी. मालक त्यानेही घाबरला. त्याला सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरायला लावला तेव्हा पटलं.

पुढच्या फेरीला भिवंडीहून खताच्या गोण्या भरून तो निघाला. इगतपुरीहून फोन आला. घाट नेहमीपेक्षा एक गिअर वरच्याने चढली, शिट्टी गेली. मी धुराचं विचारलं. "आरशात बघतच होतो मिस्त्री, काळा दिसला नाही." ब्रीदरचं फिल्टर तेवढं बदलायचं राहिलं होतं, दुकानात मिळालं नव्हतं. ते नाशिकला घेऊन येतो म्हणाला, आणि येताना बोल्टांवर परत एकदा टॉर्क पाना लावायचं आमचं ठरलं.