तात्यांची वही

२६ जानेवारीचं झेंडावंदन उरकलं, की पुण्याहून आमच्या मित्रमंडळाची पक्षी-सहल निघायची. एक मिनीबस, सतरा-अठरा माणसं, चार दुर्बिणी, डबाभर गुळपोळ्या आणि तात्यांची लाल बांधणीची वही. वहीचा नियम एकच: पक्षी दोघांनी पाहिला असेल तरच नोंद. मग तो मोर असो नाहीतर साळुंकी.

सुप्याच्या माळावर या नियमानं आम्हाला रडवलं. धाविक पक्षी तुरुतुरु पळतो, थबकतो, आणि थबकला की मातीत विरघळतो. "त्या काळ्या दगडाच्या डावीकडं!" "कुठला काळा दगड?" तेवढ्यात तो गेलेला असे. चिंकारा मात्र सगळ्यांना दिसायचा, पण वहीत त्याला जागा नव्हती. "पंख कुठायत त्याला?" तात्या म्हणायचे.

भिगवणला सगळे रोहितांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, यायचे. एका साली उजनी तुडुंब भरलेली. कुंभारगावचा नावाडी आधीच म्हणाला, "पानी हटल्याबिगर न्हाई येत ते. गाळ उघडा पडाय पायजे." खरंच होतं त्याचं. चोच उलटी बुडवून चिखलपाणी गाळणाऱ्या पक्ष्यानं खोल पाण्यात करायचं काय? रोहित नाहीत म्हणून निम्मी बस रुसली. त्याच दिवशी डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या मिरवणारे पट्टकादंब, हिमालय ओलांडून आलेले, काठावर गाईंसारखे चरत होते. त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. दुपारी चिलापी फ्राय पुढ्यात आल्यावर रुसवे गेले.

ताम्हिणीविषयी फार सांगण्यासारखं नाही. वळणांवर आम्ही पक्ष्यांपेक्षा प्लॅस्टिकच्या पिशव्या जास्त शोधायचो.

मग किहीम. समुद्रावर किती वाजता जायचं ते तात्या कालनिर्णय बघून ठरवत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असली तर भरती तीनला, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमाराला. बरोब्बर नऊला ओल्या वाळूवर तुतवार आणि चिखल्यांची धावपळ चालू असायची.

किहीमलाच सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात सुगरणींचा अभ्यास केला होता. जानेवारीत घरटी रिकामी. एकदा वाऱ्यानं पडलेलं एक घरटं तात्यांनी माझ्या ओंजळीत ठेवलं. वजन जवळजवळ नाहीच. नुसता वरचा टोप आणि मधे आडवी पट्टी, खाली सगळं उघडं. "हे नाकारलेलं," तात्या म्हणाले. नर इतकंच विणून थांबतो. मादीनं येऊन पसंत केलं तरच पुढचं काम. आणि ती आत बसली, की हा पठ्ठ्या दुसऱ्या घरट्याला लागतो, दुसरीसाठी! बसमधल्या बायकांनी त्यावर जे काय ऐकवलं, ते वहीत नाही.

शेवटच्या सहलीला पहाटे मी एकटीच किनाऱ्यावर गेले होते. सुरूच्या शेंड्यावरून समुद्री गरुड उठला. पांढरंशुभ्र पोट, पाचरीसारखी शेपटी. धावत जाऊन तात्यांना सांगितलं. मासळी निवडणाऱ्या एका मावशींनी दुजोरा दिला, "रोज बसतंय तो तिथं." तात्यांनी पेन उघडलं. "आज पाहिलात?"

"आज नाय बा."

पेन बंद.

ती वही आता माझ्याकडे आहे. त्या पानावर समुद्री गरुड नाही. मी तीनदा बघितलं.