हाविएर म्हणजे आपलं नवघर

स्पेनमधल्या पाम्प्लोनाला येऊन मला आता चार वर्षं होतील. आमच्या ऑफिसात चौदा माणसं आहेत आणि त्यात तीन हावी. एक अकाउंट्सचा हावी, एक उंच हावी, आणि तिसऱ्याला सगळे आडनावानेच हाक मारतात कारण दुसरा इलाजच नाही. कुणी दारातून "हावी" म्हटलं की दोन माना तरी वर होतात. पूर्ण नाव हाविएर, जोर शेवटी. सुरुवातीचा ह घशातून काढायचा, थोडा ख कडे झुकलेला, आणि मधला व असा मऊ की कधी ब वाटतो. पण इंग्रजी अक्षरात लिहिलेलं बघाल तर सुरुवातीला चक्क जे.

मी वसईची, नवघरला वाढलेली. आमच्या शेजारी झेवियर काका राहायचे, अजूनही राहतात, शाळेतल्या माझ्या वर्गात दोन झेवियर होते, आणि मुंबईला सेंट झेवियर्समध्ये ॲडमिशन मिळावी म्हणून आमच्या बॅचमधल्या अर्ध्या मुलामुलींनी देव पाण्यात ठेवले होते. तरी हा ऑफिसातला हावी आणि आपला झेवियर एकच, हे कळायला मला सहा महिने लागले. ते पण जेवणाच्या सुट्टीत, उंच हावीने ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि त्यावर नाव होतं फ्रान्सिस्को हाविएर. मी विचारलं हे दोन्ही तुझं? तो म्हणाला हो, संताचं नाव आहे, तुमच्याच देशात असतो की तो आता, गोव्यात.

मग मी या नावाच्या मागेच लागले. आणि जे कळलं त्यातलं सगळ्यात पहिलं म्हणजे हे मुळात माणसाचं नावच नव्हतं, घराचं होतं. इथून साधारण पन्नास किलोमीटरवर हाविएर नावाचं छोटं गाव आहे, तिथे एक किल्ला आहे, आणि त्या किल्ल्यात ७ एप्रिल १५०६ ला हा संत फ्रान्सिस्को, म्हणजे आपला सेंट फ्रान्सिस झेवियर, जन्मला. वडिलांचं घराणं हास्सो, आईचं आस्पिलिकुएता, किल्ला आईकडून आलेला. म्हणजे बापाच्या आडनावाने गेलं तर तो हाविएर नाहीच, तो हाविएरचा, आपल्याकडे गावाच्या नावाला "-कर" जोडून आडनाव होतं ना, तसं. मला वाटतं मराठी माणसाला ही गोष्ट इथल्या लोकांपेक्षा लवकर कळते, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांची आडनावं म्हणजे कुठल्या तरी गावाचा पत्ताच असतो.

आणि त्या गावाचं नाव कुठून आलं? ते स्पॅनिश नाहीच, बास्क आहे, म्हणजे इथल्या उत्तर भागातल्या एका अगदी वेगळ्या भाषेतलं. बास्क भाषेत एचे म्हणजे घर, बेर्री म्हणजे नवीन. एचे बेर्री, नवीन घर. बोलता बोलता पुढचा ए घासून गेला, स्पॅनिशमध्ये ब आणि व चा उच्चार एकच म्हणून बेर्रीचं व्हिएर झालं, आणि राहिला शाव्हिएर. हो, तेव्हा तो श होता! जुन्या स्पॅनिशमध्ये एक्स हे अक्षर श सारखं म्हणायचे, पुढे तो श सरकत सरकत घशात गेला आणि त्याचा ह-ख झाला, आणि १८१५ मध्ये स्पेनच्या भाषेचे नियम ठरवणाऱ्या रॉयल अकादमीने शुद्धलेखन बदललं तेव्हा असे सगळे एक्स काढून जे घातले. पोर्तुगीजांनी मात्र एक्सही ठेवला आणि श पण ठेवला, म्हणून कोकणीत अजून शावियेर म्हणतात, आणि आपण इंग्रजीच्या वाटेने गेलो म्हणून आपला झेवियर. फुटबॉल बघणाऱ्यांनी हे सगळं आधीच ऐकलेलं आहे, शाबी अलोन्सो हा बास्क, चावी एर्नांदेस हा कॅटलान, नाव दोघांचंही हेच. एचेवेरिया, एचेबेरिया, चावारी ही आडनावं ऐकली असतील तर ती पण याच घरातली. इटालियन कासानोवा सुद्धा अर्थाने तेच, नवं घर.

मी हे वाचत होते तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला की अगं, नवं घर म्हणजे नवघर! वसई रोड स्टेशनला उतरलं की पूर्वेला नवघर. आडनाव करायचं तर नवघरे. म्हणजे जगातला प्रत्येक हाविएर, झेवियर, इटलीतला साव्हेरिओ, पोलंडचा क्साव्हेरी, जर्मन क्साव्हर, हे सगळे शब्दाला शब्द लावला तर नवघरे आहेत. मला झोपच आली नाही त्या रात्री.

पण मग घराचं नाव पोराला ठेवायला लोक का लागले, हा खरा प्रश्न. हा फ्रान्सिस्को पॅरिसला शिकायला गेला, तिथे त्याला लोयोलाचा इग्नेशियस भेटला (याच पाम्प्लोनात १५२१ च्या लढाईत इग्नेशियसच्या पायाला तोफगोळा लागला होता आणि फ्रान्सिस्कोचे भाऊ विरुद्ध बाजूने लढत होते, तरी पुढे दोघं जिवाचे सोबती झाले), दोघांनी आणखी काही सोबत्यांबरोबर जेझुइट हा धर्मगुरूंचा संघ उभा केला, आणि ६ मे १५४२ ला फ्रान्सिस्को गोव्यात उतरला. तिथून दक्षिणेला, मलाक्काला, मोलुक्काला, १५४९ ला जपानला, आणि ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या दारात एका बेटावर वारला. १६२२ मध्ये त्याला संत घोषित केलं. आता अडचण अशी की फ्रान्सिस्को नावाचे संत आधीच होते, असिसीचे तर सगळ्यात मोठे. मग हा कुठला फ्रान्सिस्को हे कळावं म्हणून बाप्तिस्म्याला नाव जोडूनच ठेवायला लागले, फ्रान्सिस्को हाविएर. आणि घरात हाक मारताना? फ्रान्सिस्कोला इथे पाको म्हणतात आणि गल्लीत पाको दहा असतात, मग मागचं हाविएर तेवढं उरलं. हळूहळू तेच वेगळं सुटं नाव झालं. बोर्हाचं पण तसंच, संत फ्रान्सिस्को दे बोर्हाचं ते आडनाव, आज इथे बोर्हा नावाची कितीतरी मुलं आहेत. आज स्पेनच्या सरकारी यादीत हाविएर वेगळं मोजतात आणि फ्रान्सिस्को हाविएर वेगळं, आणि दोन्ही पहिल्या वीसात असतात. चिलीत तर मुलींचं हाविएरा खूप चालतं. नवीन बाळांमध्ये मात्र ऊगो, मातेओ, मार्टिन यांची चलती आहे, हावी आता बहुतेक आईबापांच्या वयाचे.

एक गोष्ट मला फार लागली. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात मुलांची बास्क नावं नोंदवायला बंदी होती. घरात आई शाबिएर म्हणायची आणि कागदावर स्पॅनिश स्पेलिंगचं फ्रान्सिस्को हाविएर लिहावं लागायचं. १९७७ च्या कायद्याने ती बंदी उठली. म्हणजे जो शब्द मुळात बास्क, तोच बास्क उच्चाराने लिहायला मनाई! आणि खुद्द त्या फ्रान्सिस्कोने १५४४ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की या लोकांची भाषा मलबार आणि माझी बास्क, म्हणून एकमेकांचं बोलणं कळत नाही. माझा पहिला वर्षभराचा पाम्प्लोनातला अनुभव अगदी हाच होता, फक्त उलट्या दिशेने.

आपल्याकडच्या वाचकांच्या मनात आता दुसरी गोष्ट आली असेल, आणि ती टाळणं मला बरं वाटत नाही. याच माणसाने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म मोडणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आणा असं लिहिलं होतं. ते १५६० मध्ये सुरू झालं, त्याच्या मृत्यूनंतर, आणि त्या न्यायालयाने गोव्यात काय केलं ते आपल्याला माहीत आहे. ऑफिसात मी हे बोलले तेव्हा दोन हावींना याची काही कल्पना नव्हती. अकाउंट्सचा हावी गप्प बसला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, रात्री वाचलं मी, शाळेत आम्हाला कुणी शिकवलंच नाही. मला त्याचा आदर वाटला.

मार्चमध्ये इथे हाविएराडा असते. आपली वारी डोळ्यासमोर आणा, फक्त थंडीतली. लोक गावागावातून चालत किल्ल्यापर्यंत येतात, पाम्प्लोनाचे काहीजण तर रात्रभर चालतात. मी यंदा सांगुएसा गावापासून शेवटचे आठ किलोमीटर चालले, ऑफिसच्या मंडळींबरोबर. वारा असा की कान दुखायला लागले. रस्त्याच्या कडेला एका बाईने थर्मासमधलं गरम कालदो, म्हणजे सूप, कपात ओतून दिलं, कोण कुठली काही विचारलं नाही, आणि मला एकदम दिवे घाटात वारकऱ्यांना चहा देणारी माणसं आठवली.

किल्ला लहान आहे. १५१६ मध्ये शेजारच्या कॅस्टिल राज्यवाल्यांनी त्याचे बुरूज पाडले होते, तेव्हा फ्रान्सिस्को दहा वर्षांचा होता आणि बाप आदल्याच वर्षी गेला होता, आजचं बरंचसं बांधकाम नंतरच्या डागडुजीचं आहे. आत एका खोलीत अक्रोडाच्या लाकडाचा क्रूसावरचा ख्रिस्त आहे आणि तो हसतोय. खरंच, ओठांच्या कडा वर गेलेल्या. मागच्या भिंतींवर नाचणारे सांगाडे रंगवलेत. मी तिथे पंधरा मिनिटं तरी उभी होते. लहानपणी आई फ्रान्सिस्कोला इथेच प्रार्थनेला आणत असणार आणि याच दारातून तो शिकायला बाहेर पडला, नव्या घरातून.

३ डिसेंबरला नावार्रात, म्हणजे पाम्प्लोना ज्या प्रांतात आहे तिथे, सुट्टी असते, फ्रान्सिस्कोचाच दिवस म्हणून. त्याच दिवशी बास्क भाषेचा दिवसही असतो. गेल्या वर्षी त्या दिवशी मी वसईला झेवियर काकांना फोन लावला, त्यांचा सणाचा दिवस, सर्टिफिकेटवर त्यांचंही नाव फ्रान्सिस झेवियर आणि फ्रान्सिस कधीच गळून गेलेलं. मी त्यांना सगळं सांगितलं, एचे, बेर्री, नवीन घर. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे माझं नाव आणि आपल्या गावाचं नाव एकच?" मी म्हटलं हो काका. "परत सांग गं, ते त्यांच्या भाषेत काय म्हणालीस?" मी परत सांगितलं, सावकाश. फोन त्यांनी तसाच हातात धरून ठेवला होता, आणि आतल्या खोलीत जाऊन ते काकींना सांगत होते ते मला इथे ऐकू आलं, "एचे बेर्री. एचे बेर्री म्हणतात नवघरला."